अर्धी पंचक्रोशी

माझा नातू, म्हणजे बहिणीच्या मुलीचा मुलगा, सहा वर्षांचा आहे. डब्लिनच्या दक्षिणेला स्टिलऑर्गनमध्ये ही मंडळी राहतात. मी पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, जांभळा-पिवळा शर्ट घालून तो माझ्या पलंगाशी उभा होता. ‘आजोबा, उठा, मैदानावर जायचंय.’

शर्ट किल्मकड क्रोक्स क्लबचा. हजारो सभासद असलेला, आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या क्लबांपैकी एक. मैदानभर पोरंच पोरं. गोऱ्या गालांची तशी आपल्या रंगाचीही. कोन मांडणारे, चेंडू पंप करणारे, नाक पुसणारे सगळे कुणाचे ना कुणाचे आई-बाप. त्यात आमचे सांगलीचे जावई गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होते. कुणालाही पगार नाही. या खेळात तो वरपर्यंत कुणालाच नाही. ऐंशी हजार लोकांपुढे अंतिम सामना खेळणारा खेळाडूही थोड्याच दिवसांत शाळेत शिकवायला नाहीतर गोठ्यात दूध काढायला हजर असतो.

खेळ मला नातवानंच शिकवला. हे गेलिक फुटबॉल. चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांहून जास्त नेता येत नाही. तेवढ्यात टप्पा पाडायचा नाहीतर तो पायावर सोडून, हलकेच उडवून, परत हातात घ्यायचा. दुसऱ्याला द्यायचा तर लाथेनं किंवा मुठीनं. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. लांबच्या कमानीबाहेरून मारल्यास दोन, हा नियम अगदी अलीकडचा. एका संघात पंधरा.

आमचं बालपण कोल्हापुरात, शिवाजी पेठेत गेलं. तिथं फुटबॉल खेळतात त्या तालमी. ज्या मंडळाच्या हौदातल्या लाल मातीत आजे-पणजे कुस्ती खेळले, त्याच मंडळाचा शर्ट घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं आमच्याकडे नुसती संघांची नाहीत, ती माणसाच्या घरचा पत्ता सांगतात. म्हणून मी जावयांना विचारलं, ‘इथं यांची पेठ कुठली?’

त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आयरिश आजोबांना प्रश्न समजावून सांगितल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, शहरात आता पेठ सापडणं अवघड झालंय. तुम्हाला ती बघायचीच असेल तर ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांच्याकडे जा. मुलिनालाख्ताला जा.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. लेन्स्टर प्रांतात बारा परगणे, आणि प्रत्येक परगण्यातला विजेता क्लब प्रांताच्या स्पर्धेला जातो. ९ डिसेंबर २०१८ला टलामोरच्या मैदानावर या प्रांताचा अंतिम सामना झाला. एका बाजूला डब्लिनचा विजेता किल्मकड क्रोक्स. दुसऱ्या बाजूला लाँगफर्ड परगण्याचा विजेता, मुलिनालाख्ताचा सेंट कोलंबाज. त्यांच्या सगळ्या वस्तीची लोकसंख्या चारशे-साडेचारशे, तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत. लाँगफर्डच्या कुठल्याही क्लबानं तोवर प्रांत जिंकला नव्हता. सामना संपायला थोडी मिनिटं उरली असताना मुलिनालाख्ताला पेनल्टी मिळाली. गॅरी रॉजर्सनं ती जाळ्यात मारली आणि दोन गुणांनी ते जिंकले. १-८ विरुद्ध १-६. आधी गोल सांगायचे, मग गुण, अशी यांची पद्धत आहे. म्हणजे अकरा विरुद्ध नऊ.

हरलेल्या बाजूचा माणूस ही गोष्ट सांगत होता, आणि इतक्या मायेनं, की मी त्याच क्षणी ठरवलं, जायचंच.

तिकडे जाण्याआधी भाची मला क्रोक पार्कला घेऊन गेली. ब्याऐंशी हजारांचं ते मैदान शहराच्या उत्तरेला, विटांच्या बैठ्या घरांच्या ओळींमधून एकदम आभाळात चढतं. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन हे देशभराचं मंडळ १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झालं. इंग्रजांच्या राज्यात आपले खेळ आपण जपायचे, हा हेतू. गावोगावी क्लब निघाले, आणि त्यांची हद्द ठरली पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या घंटेखाली येणारा मुलूख. मला त्याला आपला पंचक्रोशी हाच शब्द जवळचा वाटतो. ज्या पंचक्रोशीत जन्मलास तिच्याचकडून खेळायचं. बदली घेता येते, पण सहजी नाही, आणि तसं करणाऱ्याकडे लोक चांगल्या नजरेनं बघत नाहीत.

तिथल्या एका प्रेक्षागाराला मायकेल होगनचं नाव आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी इंग्रजांच्या सशस्त्र दलानं चालू सामन्यात या मैदानावर गोळीबार केला. चौदा जणांचा जीव गेला, त्यात टिपरेरी परगण्याचा खेळाडू होगन होता. भिंतीवरचं हे वाचताना मला जालियनवाला आठवणं साहजिकच होतं. दीडच वर्ष आधीची ती गोष्ट. पण काळजात खरी कळ आली ती वेगळ्याच गोष्टीनं. जालियनवालाच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर हाही जन्मानं टिपरेरीचाच. त्या रिकाम्या मैदानाच्या कडेला मी बराच वेळ बसून राहिलो. भाचीनं मला उठवलं नाही.

मग एके दिवशी आम्ही चौघं पश्चिमेला निघालो. मे महिना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांवर पांढऱ्या फुलांचा इतका बहर की कुणी ताकाची घुसळण सांडलीये असं वाटावं. एखाद्या शेताच्या अगदी मधोमध एकटंच हॉथॉर्नचं झाड दिसतं. नांगर त्याला वळसा घालून जातो. ते पऱ्यांचं झाड, त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही. आपल्याकडे देवराईतली वाळकी काडीही घरी आणत नाहीत, तसंच.

मलिंगार मागे पडलं. एजवर्थस्टाउन आलं. मारिया एजवर्थ या कादंबरीकर्तीच्या घराण्याचं हे गाव. तिथून मोठा रस्ता सोडून ग्रॅनार्डकडे वळलो आणि एक गोष्ट सुरू झाली. समोरून येणारा प्रत्येक मोटारवाला सुकाणूवरून एक बोट उचलायचा. हात नाही, फक्त तर्जनी. जावई म्हणाले, ‘मामा, हा इथला रामराम.’ पुढच्या मोटारीला त्यांनीही बोट उचललं. डब्लिनमध्ये ते असं करत नाहीत. मला गंमत वाटली नाही, बरं वाटलं. माणूस कुठल्या रस्त्यावर आहे त्याप्रमाणे त्याचा हातही शिकतो.

ग्रॅनार्डला गावावर एक प्रचंड हिरवा उंचवटा आहे. नॉर्मन सरदारांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस मातीचा ढीग रचून गढी बांधली, तिची ही उरलेली टेकडी. माथ्यावर सेंट पॅट्रिकचा पुतळा. आपल्या वाड्यांच्या गढ्या पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते. वरून तळी दिसतात, दहीकाल्यात ठेवल्यासारख्या गोल गोल टेकड्या दिसतात, आणि घरं फार थोडी दिसतात.

ते ‘थोडी’ नुसतं डोळ्यांना दिसून भागत नाही. १८४१च्या जनगणनेत लाँगफर्ड परगण्यात सुमारे १ लाख १५ हजार माणसं होती. मग बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, माणसं मेली, उरलेली जहाजांत बसली. आणि दुष्काळ सरल्यावरही जाणं थांबलं नाही. आज तिथं ४७ हजारांच्या आतबाहेर लोक आहेत. पावणेदोनशे वर्षांत अर्ध्याहून कमी. आपल्या कोकणातली कुलूपबंद घरं ज्यानं पाहिलीत त्याला या कुंपणांमधली छप्पर खचलेली दगडी घरं परकी वाटणार नाहीत.

दुपारी गावातल्या एका खानावळीत जेवलो. खारवलेल्या डुकराच्या मांसाचे काप, उकडलेली कोबी, बटाटे तीन तऱ्हांचे: उकडलेले, कुस्करलेले, भाजलेले. ज्या पिकानं एवढा घात केला त्याच्यावर या लोकांचा राग नाही. मी मांस बाजूला ठेवलेलं पाहून वाढणाऱ्या बाईनं न विचारता माझ्या ताटात आणखी बटाटे घातले, वर लोण्याचा गोळा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माझ्या जिभेला ते सपक होतं, हे खरं. पण सोबतचा सोडा घातलेला तपकिरी पाव, बाहेरून खरपूस, आतून दमट, हा मी पोट भरल्यावरही खाल्ला.

आणि मुलिनालाख्ता. तुम्ही शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण गावठाण असं काही नाहीच. बाजारपेठ नाही, चौक नाही. शेतात लांब लांब विखुरलेली घरं, एक चर्च आणि एक मैदान. मैदान मात्र असं राखलेलं, की गवतावर चप्पल घालून जायला जीव होईना.

हिची हद्दही विचित्र आहे. पॅरिश एकच, पण परगण्यांची सीमा तिच्या मधून जाते. गाउना सरोवराकडची अर्धी पॅरिश कॅव्हन परगण्यात मोडते आणि कॅव्हनकडूनच खेळते. त्या बाजूच्या गाउना क्लबची कीर्ती जुनी. उरलेली अर्धी लाँगफर्डमध्ये, ती मुलिनालाख्ता. धर्मगुरू एक, दफनभूमीतले पूर्वज एक, सोयरीकही आरपार. खेळात मात्र दोन परगणे, इतकंच नव्हे तर दोन प्रांत, कारण कॅव्हन पलीकडच्या अल्स्टरात जातं. निपाणी-बेळगावकडे नातीगोती असलेल्या आम्हा कोल्हापूरकरांना सीमा मधून जाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण इथल्या सीमेला ना चौकी ना पाटी, आणि ती फक्त मैदानावर कळते, हे पाहून मला हेवा वाटला.

क्लबाच्या खोलीशी एक गृहस्थ रंगाचा डबा घेऊन खांब रंगवत होते. ऐंशीच्या पुढचे असतील. आम्ही कोण, कुठून आलो, हे विचारायच्या आधी ते हवेबद्दल बोलले. आज पाऊस नाही, पण येईल. मग चहा घेणार का विचारलं. भाचीनं ‘नको’ म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा ‘नको, कशाला त्रास’ म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, किटलीच लावली. हे तर आपलंच! घरी आलेल्याला चहा-पाण्याशिवाय जाऊ देणं आमच्या आईला पाप वाटे. तिकडे बारा वर्षं राहिलेल्या भाचीला हा नियम पाठ होता. दोनदा नाही म्हणायचं, म्हणजे समोरच्याला आग्रह करायचं सुख मिळतं. चहा दूध घातलेला, कडक. हॅमचे सँडविच, आणि माझ्यासाठी चीजचे वेगळे.

त्यांना मी तालमींबद्दल सांगितलं. त्यांनी फार बारकाईनं विचारलं. मैदान कुणाचं? शर्ट कोण धुतं? हरल्यावर दुसऱ्या पेठेतून जाता येतं का? मी म्हटलं, येतं, पण मान खाली घालून. ते हसले आणि म्हणाले, इथं दूध घालायला जायचा रस्ता बदलतात.

मग ते बोलू लागले. १९५०मध्ये या क्लबानं परगणा जिंकला तेव्हा ते वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून सामन्याला गेले होते. त्यानंतर जिंकले ते २०१६ला. मध्ये सहासष्ट वर्षं. त्या वर्षांत इथं काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, ते खेळाबद्दल नव्हतं. अमुक तीन भाऊ लंडनला बांधकामावर गेले, तमुक घरचा एकुलता न्यूयॉर्कला, अमक्याचं कुटुंबच गेलं. दरवर्षी संघ उभा करायचा तर आधी पंधरा जण जमवायचे. लहान पोरांचा स्वतंत्र संघ जमत नाही, ती शेजारच्यांबरोबर मिळून खेळतात.

मला कोल्हापूर आठवत होतं. आमच्याकडे खेळायला पोरांची वाण नाही. आमच्याकडे हंगामात बाहेरचे चांगले खेळाडू पैसे देऊन आणतात, परदेशीसुद्धा. ते उत्तम खेळतात, लोक त्यांना खांद्यावर घेतात, मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण त्यामुळे तालमीतला एखादा पोरगा बाकावर बसून हंगाम काढतो, आणि दोन वर्षांनी यायचंच बंद करतो. मुलिनालाख्ताला बाकावर बसवून ठेवायला जास्तीची पोरंच नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या अडखळणाऱ्या पोराला ते टाकून देऊ शकत नाहीत, त्यालाच घडवावं लागतं. मॅकगिव्हनी, मॅकएलिगट, ब्रेडी अशी तीच ती आडनावं त्या संघात पुन्हा पुन्हा येतात. भाऊ-भाऊ, चुलत, मावस. एकमेकांचा चेंडू कुठं पडणार हे त्यांना न बघता कळतं. मला वाटतं, टलामोरला डब्लिनकरांपुढे हेच उपयोगी पडलं.

एक माणूस मात्र त्यांनी बाहेरून आणला. प्रशिक्षक मिकी ग्रॅहम, कॅव्हनचा. सीमेपलीकडचा, पण मुलूख ओळखणारा. त्याच्या हाताखाली २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीनदा परगणा आला, आणि तिसऱ्या वर्षी प्रांत. पुढे तो स्वतःच्या कॅव्हन परगण्याचा प्रशिक्षक झाला आणि २०२०मध्ये त्यांना अल्स्टर जिंकून दिलं. खेळाडूंमधले कित्येक जण पोटापाण्यासाठी डब्लिनला. आठवड्यात कामावरून सुटायचं, सव्वाशे किलोमीटर यायचं, अंधारात सराव करायचा, परत जायचं. बदली मागून शहरातल्या मोठ्या क्लबात जाता आलं असतं. गेले नाहीत. का गेले नाहीत, असं मी म्हाताऱ्याला विचारलं. प्रश्न त्यांना कळलाच नाही. मी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला. त्यांनी भाचीकडे पाहिलं, जणू तिनं भाषांतरात काही चूक केली असावी. इंग्रजी तर मीच बोलत होतो.

अंतिम सामन्याच्या दिवशी गाई पहाटे लवकर पिळून ते टलामोरला गेले. पेनल्टीच्या वेळी त्यांनी मैदानाकडे पाठ केली. जे घडलं ते त्यांनी शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. पुढच्या फेब्रुवारीत देशाच्या उपांत्य सामन्यात केरीच्या डॉक्टर क्रोक्सनी त्यांना हरवलं. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं, आणि चहा ओतला.

आम्ही पाय मोकळे करायला गाउना सरोवराकडे गेलो. पाणी इतक्या आडव्या-तिडव्या फाट्यांनी जमिनीत शिरतं, की कुठं तळं संपलं आणि कुठं शेत सुरू झालं ते गाईलाच ठाऊक. एर्न नदीचं पाणी इथूनच उत्तरेला निघतं. समोर इंचमोर बेट. क्लबाला ज्याचं नाव आहे त्या सेंट कोलंबाचा मठ तिथं होता असं मानतात. आयरिश लोक त्याला कोलमकिल म्हणतात. तोही ५६३मध्ये हा देश सोडून समुद्रापलीकडच्या आयोना बेटावर गेला आणि आयुष्यभर तिकडेच राहिला. गेलेल्याचंच नाव इथल्या राहिलेल्यांनी छातीवर लावलंय. माझ्या शेजारी भाची उभी होती. बारा वर्षांपूर्वी तिला मुंबईच्या विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. ती पाण्याकडे बघत होती. मी काही बोललो नाही.

परत मैदानावर आलो तर संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन अजून दुपारचं. पोरं जमू लागली होती. कुणी ट्रॅक्टरवरून उतरलं, कुणी सायकलवरून. इतका वेळ नातवानं जाकीट काढलं नव्हतं. आईनं सकाळीच बजावलं होतं, तिथं तो शर्ट दाखवायचा नाही, वाईट दिसतं. पण चेंडू दिसल्यावर त्याला उकडू लागलं. चेन खाली आली आणि जांभळा-पिवळा रंग त्या मैदानाच्या कडेला उघडा पडला.

म्हाताऱ्यांनी पाहिलं. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ते चालत त्याच्यापाशी आले, अवघडत गुडघ्यांवर बसले आणि हात पुढे केला. सहा वर्षांच्या पोराशी त्यांनी मोठ्या माणसाशी करावं तसं हस्तांदोलन केलं. मग शिकवणाऱ्या बाईंनी डोकी मोजली. तेरा. दोन सारख्या बाजू होईनात.

म्हाताऱ्यांनी पिशवीतून नारिंगी बिब काढलं आणि नातवाच्या डोक्यातून, त्या जांभळ्या शर्टावरून, खाली ओढलं. ते त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं. तो पळत आत गेला. तीनदा पडला, एकदा रडला, आणि एकदा मुठीनं दिलेला चेंडू बरोबर दुसऱ्या पोराच्या हातात पडला. तेव्हा कडेवरून कुणीतरी ओरडलं. मी बघितलं तर जावई नव्हते, म्हातारे होते.

निघताना त्यांनी सोडा पावाचं एक पुडकं भाचीच्या हातात दिलं. तिनं दोनदा नाही म्हटलं. गाडी वळली तेव्हा ते पुन्हा खांब रंगवत होते, आणि या खेपेला जावयांच्या आधी मी बोट उचललं.

मलिंगारला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. आभाळात उजेड होता. मागच्या सीटवर नातू झोपला होता, आणि नारिंगी बिब त्याच्या अंगावरच होतं.

‘अगं बाई, हे राहिलं की,’ भाची म्हणाली. ‘उद्या टपालानं पाठवते.’

‘टपालानं कशाला?’ जावई म्हणाले. ‘पुढच्या आठवड्यात नेऊन देऊ.’